घराची जवारी

तबकडीची बाजू संपत आली की मामा खुर्चीतून उठून प्लेअरपाशी जाऊन उभे राहत. गायकाचा शेवटचा षड्ज विरला, सुई मधल्या मोकळ्या चरीत उतरली, की दुसरं ‘टक्’ व्हायच्या आत त्यांचं बोट आर्मच्या खाली गेलेलं असे. चाळीस वर्षांत या नेमात खंड पडल्याचं मला आठवत नाही. जेवताना उठत, पाहुण्यांचं बोलणं मध्येच थांबवून उठत. एका बाजूची चर उलगडून सरळ केली तर ती जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल आणि तेवढी वाट ती इवलीशी हिऱ्याची टोकदार कणी एकटी चालून येते, हे मी त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून तर सुईबद्दल ते घरातल्या लहान मुलाबद्दल बोलावं तसे बोलत.

तो प्लेअर म्हणजे जुना गॅरार्ड, इंग्लंडातल्या स्विंडन गावचा. शनिवार पेठेतल्या वाड्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या मधल्या खोलीत तो असायचा. खोलीला मातीच्या जाड भिंती, डोक्यावर कडीपाट, दोन भिंतींना कोनाडे, एकीला फडताळ. एका कोपऱ्यात ट्रंका आणि त्यांच्यावर छातीएवढी गाद्या-गोधड्यांची चळत. त्याच खोलीत सकाळी साडेपाचला मामीचा तंबोरा लागे. मामी मैफली करणारी गायिका नव्हे. लग्नाआधी दहा वर्षं शिकली आणि पुढे स्वतःपुरतं गात राहिली. मी शाळेत असताना सुट्टीत तिथे जाऊन राहायचो आणि तंबोऱ्याच्या आवाजाने जाग यायची. सकाळी मामीचा तंबोरा आणि संध्याकाळी मामांच्या तबकड्या, यांचा आवाज माझ्या मनात कधी वेगळा झाला नाही. एकाच खोलीचा तो आवाज होता, हे कळायला मला पन्नाशी यावी लागली.

वाडा पडला. मामा-मामी कोथरूडला सहाव्या मजल्यावर राहायला गेले. हॉल चांगला, लांबीला पावणेसतरा फूट, रुंदीला सव्वाअकरा. खाली चकचकीत टाइल्स, वर पीओपीचं गुळगुळीत छत, एका बाजूला भिंतभर सरकती काच, समोर काचेचं शोकेस. मुलाने अमेरिकेतून पैसे पाठवून सगळं नवं करून दिलं होतं. जुनं लाकूडसामान भंगारात गेलं, फडताळाची दारं कुणीतरी हॉटेलच्या सजावटीसाठी नेली. गोधड्या वाटून टाकल्या. त्यातल्या सात मात्र मामीने कुणालाही न सांगता माळ्यावर ठेवल्या. त्या मामांच्या आईने आपल्या नऊवारी लुगड्यांच्या शिवलेल्या होत्या.

पहिल्याच संध्याकाळी मामांनी किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची तबकडी लावली. मी तिथे होतो. तार षड्ज कानात टोचला. तबल्याची चाटी काचेवर खडे मारल्यासारखी वाजत होती आणि डग्गा, विशेषतः एका ठरावीक ठिकाणी, इतका घुमत होता की त्याखाली मींड बुडून जात होती. शब्द एकमेकांवर चढत होते. मामा बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “सामान हलवताना गॅरार्डला काहीतरी झालंय.”

हे ऐकून मी मान डोलावली. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे. वीस वर्षं मी मुलांना ध्वनीचं परावर्तन शिकवलं आहे. त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात त्यातलं काहीही आलं नाही.

आधी कार्ट्रिज बदललं. नऊ हजार गेले. चार दिवस मामा खूश होते, पाचव्या दिवसापासून तोच डग्गा घुमायला लागला. सहा महिन्यांनी पट्ट्यावर चालणारा नवा टर्नटेबल आला. जुन्या गॅरार्डमध्ये मोटरची फिरत रबरी चाकातून ताटलीला पोचते, त्याबरोबर मोटरची बारीक घरघरही पोचते. पट्ट्याच्या यंत्रात ती पट्ट्यातच जिरते. यात खोटं काही नाही. यंत्र उत्तमच होतं. पुन्हा आठवडाभर आनंद, पुन्हा तीच तक्रार. मग अॅम्प्लिफायर. मग जाडजूड तारा. दर वेळी पहिले काही दिवस आवाज खरोखर सुधारल्यासारखा वाटे आणि त्याचं कारण मला आता नीट कळतं. नव्या वस्तूबरोबर माणसाचं लक्षही नवं येतं. जे आधीही तिथे होतं ते कान टवकारल्यामुळे ऐकू येतं आणि श्रेय वस्तूला मिळतं. लक्ष जुनं झालं की आवाजही जुना होतो. मामांनी दोन वर्षांत फंडातले दीड लाखाहून जास्त रुपये असे घातले. चैनीसाठी त्यांनी पैसा उधळला, असं कुणी म्हणू नये. वाड्यात हरवलेलं काहीतरी ते शोधत होते आणि ते दुकानात मिळेल असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

या दोन वर्षांत आणखी एक गोष्ट घडत होती, तिच्याकडे आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं. मामीचा तंबोरा बंद पडला होता.

“जवारी गेलीय बहुतेक,” ती एकदा म्हणाली. “नुसता खणखणतो. सूर धरत नाही.”

“मिरजेला कळवू या,” मामा म्हणाले. ते अॅम्प्लिफायरच्या महिन्यात. त्यानंतर तो विषय निघाला नाही. तंबोरा गवसणी घालून बेडरूमच्या कोपऱ्यात उभा राहिला. मामी सकाळी उठून चहा करू लागली आणि रेडिओ लावू लागली.

चाचा आले ते त्यांच्याच कामाने. मिरजेचा हा वृद्ध कारागीर, मामीच्या तंबोऱ्यावर ज्याचा आणि ज्याच्या वडिलांचाही हात फिरलेला, गणपतीच्या आधी पुण्यात कुणाकडे दोन नवे तंबोरे पोचवायला आला होता. मिरजेत हे काम दीडशेहून अधिक वर्षं चालत आलं आहे. मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा, तुणीचं लाकूड आणि पिढ्यान् पिढ्या तयार झालेला कान. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मामीने बातमीचं कात्रण कापून देवघरात ठेवलं होतं. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ज्यांना मूठमाती मिळाली, त्या गावचा माणूस घरी आलाय याचंच तिला अप्रूप. मामीने फोन करून मला बोलावून घेतलं.

चाचांनी चहा बाजूला ठेवला, गवसणी काढली आणि हॉलमध्ये सतरंजीवर बसून तंबोरा मांडीवर घेतला. तारा मिळवल्या, खालचे मणी सरकवले. मग घोडीपाशी कान नेऊन एकेक तार छेडली. सुताचा धागा केसभर पुढे, केसभर मागे. पिशवीतून कानस काढली, परत ठेवली. पुन्हा छेडलं. बराच वेळ गेला. त्यांच्या कपाळावर आठी आली.

“ताई, दुसऱ्या खोलीत बसू का?”

बेडरूममध्ये गादी होती, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट होतं, जाड पडदे होते. चाचा गादीच्या कडेला टेकले आणि त्यांनी चारी तारा एकामागून एक सोडल्या.

मामी दारात उभी होती. तिने दाराची चौकट धरली.

तोच आवाज. वाड्यातला. खर्जातून वर उमलत जाणारा, ज्यात न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, तो. मामा हॉलमधून आत आले. चाचा न बोलता उठले, तंबोरा तसाच घेऊन हॉलमध्ये गेले आणि पुन्हा त्याच तारा छेडल्या. गंधार नाहीसा झाला. नुसती खणखण.

मग त्यांनी तंबोरा आडवा ठेवला, हॉलच्या मध्यावर उभे राहिले आणि एकच टाळी वाजवली. टाळीमागे भिंतीभिंतींमधून एक ‘टर्रर्र’ उठला. पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा.

“तंबोरा ठीक हाय, ताई,” चाचा म्हणाले. “जवारी घराची गेलीया.”

खोलीत कुणी बोललं नाही. चाचांनी समजावून सांगितलं ते त्यांच्या पद्धतीने. तार घोडीवर टेकते त्या जागी घोडी सपाट असेल तर तार तिथेच आपटते आणि आवाज मरतो. फार उतरती असेल तर तार नुसती वाजते, आस देत नाही. मधला तो बारीक उतार, जिथे तार घोडीला नुसती चाटून जाते, तो जमला की एका सुरातून पन्नास सूर निघतात. तीच जवारी. “तसंच भिंतीचं. ह्या भिंती सपाट हायत. आवाज आपटतोय आन् तस्साच माघारी येतोय. गाणाऱ्याला गाऊ द्येत न्हाईत.” मग ते टर्नटेबलापाशी गेले. चष्मा कपाळावर चढवून तबकडीच्या पातळीत डोळे आणून पाहत राहिले. सुई कशी चालते ते त्यांनी याआधी कधी इतक्या जवळून पाहिलं नसावं. “हीबी जवारीच की,” ते म्हणाले. “पर लई हलकी टेकलीया. तरंगतीया.”

मला तेव्हा सेबाइन आठवला. खूप उशिरा, पण आठवला.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं, फॉग कलासंग्रहालयातलं. तिथे प्राध्यापकाने उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. पुढचे बारा-पंधरा शब्द त्याच्यावर चढत आणि मागे बसलेल्यांना काहीच कळत नसे. काम सोपवलं गेलं वॉलेस सेबाइन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुण शिक्षकावर. त्याने केलं काय, तर जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांवरच्या उशा रात्री आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची एक नळी फुंकायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. उजाडायच्या आत उशा परत थिएटरात. काही वर्षं हे चाललं. त्यातून निघालेला नियम आजही प्रत्येक सभागृह बांधताना वापरतात: खोलीचं घनफळ वाढलं की घुमणं वाढतं, आवाज शोषणारी वस्तू वाढली की त्याच प्रमाणात कमी होतं. शोषणाचं माप त्याने कशावर बेतलं ते मला फार आवडतं. उघड्या खिडकीवर. तिथून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ती पूर्ण शोषण. बाकी सगळ्या वस्तू तिच्या तुलनेत.

हे मी सांगत होतो तेव्हा मामी आत गेली होती. स्टूल सरकवल्याचा आवाज आला. ती परत आली ती हातात गोधड्या घेऊन, एकावर एक सात.

मामांनी त्या पाहिल्या. वरच्या गोधडीचा अंजिरी काठ त्यांनी बोटांनी चाचपला. त्यांच्या आईच्या लुगड्याचा काठ.

“या तर देऊन टाकल्या होत्या ना?”

“नाही,” मामी म्हणाली. एवढंच. दोन वर्षांबद्दल, पैशांबद्दल ती काही बोलली नाही. मामांनी खुर्चीचा हात धरला आणि ते खाली बसले. ते रडतील असं मला वाटलं. ते रडले नाहीत. त्यांनी चाचांना विचारलं, “जेवून जाल ना?”

चाचांनी तंबोऱ्याच्या कामाचे पैसे घेतले नाहीत. काम केलंच नाही म्हणाले. संध्याकाळच्या गाडीने ते मिरजेला गेले.

पुढच्या दोन रविवारी आम्ही तिघांनी मिळून हॉलवर काम केलं. मोबाइलवर मोजलं तर आवाज विरायला सव्वा सेकंद लागत होता. बैठकीच्या खोलीला अर्धा सेकंद पुरे. गोधडी भिंतीला नुसती चिकटवून टांगली तर फारसं काही होत नाही, ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कापड आवाज शोषतं ते त्याच्या धाग्यांमधून हवा पुढेमागे सरकताना घासते म्हणून, आणि भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही. म्हणून सुताराकडून सागाच्या पट्ट्यांच्या चौकटी करून घेतल्या, गोधड्या दुहेरी ताणून बसवल्या आणि भिंतीपासून चार बोटं पुढे अडकवल्या. कुठे अडकवायच्या ते मामीने ठरवलं. ती मामांच्या खुर्चीत बसली, मी भिंतीला लावून आरसा सरकवत गेलो. आरशात जिथे तिला स्पीकर दिसला तिथे पेन्सिलने खूण. प्रकाश जसा परततो तसाच आवाज, म्हणून जिथून स्पीकर दिसतो तिथूनच पहिला प्रतिध्वनी खुर्चीत येऊन आदळत असतो. डाव्या-उजव्या भिंतींवर एकेक, स्पीकरमागे एक, समोरच्या काचेवर जाड पडदा. खाली जुनी जाड सतरंजी. काचेचं शोकेस हलवून तिथे मामांच्या पुस्तकांची उघडी मांडणी आली. पुस्तकांची कमीजास्त खोली आवाज विखरून टाकते, वाड्यातले कोनाडे करत तसं. वाडा बांधणाऱ्या गवंड्याला ध्वनिशास्त्र ठाऊक होतं असा माझा दावा नाही. त्याने माणसांना राहायला घर बांधलं होतं, त्यात गोधड्या होत्या, धान्याच्या कणग्या होत्या, खुंटीवर कपडे होते, आणि त्या सगळ्यांतून आवाज वाट काढत होता. आम्ही नवीन घर बांधताना हे एकेक करून काढलं आणि रिकाम्या गुळगुळीत पेटीत राहायला गेलो.

उत्साहाच्या भरात मी उरलेल्या गोधड्याही लावल्या. त्या संध्याकाळी तबकडी लावली तेव्हा मामी पाच मिनिटांत म्हणाली, “अरे, आता श्वास कोंडल्यासारखा वाटतोय तिचा.” खरं होतं. वरचे स्वर सगळे गिळले गेले होते आणि डग्गा मात्र तसाच घुमत होता. दोन चौकटी काढल्या, स्वर उघडला.

डग्ग्याचं गणित वेगळं निघालं. हॉलची रुंदी ३.४ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी लाट बरोबर बसते तो स्वर तिथे फुगतो, म्हणजे इथे सेकंदाला ५० कंपनांचा, आणि मग त्याच्या दुप्पट १००चा. लांबी ५.१ मीटर, रुंदीच्या नेमकी दीडपट. तिच्या पटीतलाही एक स्वर १००च्याच आसपास येतो. दोन्ही भिंतींच्या जोड्या एकाच स्वराला उचलून धरत होत्या आणि डग्ग्याचा घुमारा नेमका त्याच भागात राहतो. एवढ्या लांब लाटेला गोधडी म्हणजे काहीच नव्हे. मामांची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती आणि भिंतीपाशीच हे फुगणं सगळ्यात जास्त असतं. खुर्ची सहा फूट पुढे ओढली. खर्च शून्य. निम्मी तक्रार तिथेच गेली. उरलेल्या निम्म्यासाठी मागच्या दोन कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे जाड खांब उभे केले, वर मामीच्या जुन्या सुती साड्यांचं कापड.

मगच टर्नटेबलाला हात लावला. प्लेअर आणि स्पीकर इतके दिवस एकाच लाकडी कपाटावर होते. स्पीकर हादरला की कपाट हादरे, कपाटाबरोबर तबकडी, आणि तबकडीवरची सुई तो हादरा गाणं समजून पुन्हा स्पीकरकडे पाठवी. भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर कडाप्पा बसवला, पाणसळ लावून समतल केला आणि प्लेअर तिथे ठेवला. मग सुईचा दाब मोजला. कार्ट्रिजला १.८ ग्रॅम हवा होता. काट्यावर आला १.१.

“मी मुद्दामच कमी ठेवला होता,” मामा म्हणाले. “तबकड्या झिजू नयेत म्हणून.”

माझ्या आयुष्यात मला फार कमी वाक्यं सांगताना इतकं जड गेलं असेल. सुई फार हलकी टेकवली की ती चरीत धरून राहत नाही. स्वर जोरात आला की चरीच्या भिंतीवरून उसळते आणि परत आदळते, आणि त्या आदळण्याने चर खरवडली जाते. योग्य वजनाच्या सुईपेक्षा तरंगणारी सुई जास्त नुकसान करते. कार्ट्रिज बसवल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, मामा ज्या तबकड्यांना जपत होते त्यांनाच ओरखडे काढत होते. त्यांनी एक शब्दही न बोलता ऐकून घेतलं. मग वजनाची चकती स्वतःच्या हाताने फिरवली. १.८. पुन्हा मोजायला लावलं. १.८.

वेगाची चूक मामीने पकडली. नवा पट्टा बसवून तबकडी लावली तेव्हा तिने तंबोरा वाड्यातल्यासारखाच मिळवून ठेवला होता. तिथे ती तबकडीबरोबर गुणगुणत असे. “हिचा सा चढलाय,” ती म्हणाली. मी ताटलीवर रेषांची चकती ठेवली, जुन्या ट्यूबलाइटखाली. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि वेग मिनिटाला बरोबर ३३⅓ फेऱ्यांचा असेल तर चकतीवरच्या १८० रेषा जागच्या जागी उभ्या दिसतात. आमच्या रेषा हळूहळू पुढे सरकत होत्या. मोटरच्या बुडातल्या भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हर घालून केसभर फिरवलं. रेषा थांबल्या. मामीने पुन्हा तंबोरा छेडला आणि मान हलवली.

एक गोष्ट मामांच्या बाजूने सांगायलाच हवी. खोली सुधारल्यावर आम्ही उत्सुकतेने गॅरार्ड पुन्हा जोडून पाहिला. फरक होता. नव्या यंत्रावर तंबोऱ्याच्या मागची शांतता जास्त काळी होती, स्वराच्या कडा जास्त स्वच्छ होत्या. मामांनी घेतलेली वस्तू चांगलीच होती. इतके दिवस ती घरात होती आणि तिला बोलायला जागा नव्हती.

त्या रात्री मी तिथेच राहिलो. जेवणं झाल्यावर मामांनी काचेचं दार उघडलं. दोन वर्षं ते वाहनांच्या आवाजामुळे बंदच असे. खालून रिक्षांचा आवाज आला, कुठेतरी आरतीच्या झांजा आल्या, थोडी ओली हवा आली. त्यांनी तीच तबकडी लावली, बागेश्रीची बाजू. गाणं कसं झालं ते लिहिणं मला जमणार नाही. एवढंच सांगतो, की खोली कुठे संपते ते मला कळेनासं झालं होतं आणि किशोरीताईंचा श्वास कुठे संपतो ते कळत होतं.

बाजू संपत आली. मी सवयीने मामांकडे पाहिलं. ते उठले नव्हते.

मामीने केव्हा तंबोरा मांडीवर घेतला ते मला कळलं नाही. तबकडीतला शेवटचा षड्ज विरता विरता तिच्या तारा त्यात मिसळल्या आणि तबकडीतलं गाणं संपल्यावर त्या तशाच चालू राहिल्या. ती हलकेच आकार लावत होती. आवाजाला वय झालं होतं, वरचा षड्ज थोडा कापत होता. सुई मोकळ्या चरीत उतरली होती. टक्. पावणेदोन सेकंदांनी पुन्हा टक्. पुन्हा. मामांनी खुर्ची स्पीकरकडून मामीकडे वळवली होती. त्यांचे डोळे मिटलेले होते, हात मांडीवर होते, आणि समेच्या अंदाजाने एक बोट गुडघ्यावर हलत होतं. मी आर्म उचलायला उठणार होतो, पण त्यांनी डोळे न उघडताच हाताने मला बसायची खूण केली.